कूलर, डेंग्यू आणि साखरेचं हँडल

नागपुरात वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. पोह्यांवर तर्री किती घ्यायची आणि कूलरमध्ये पाणी कधी टाकायचं. तिसरी गोष्ट मात्र आपल्याला कोणीच शिकवत नाही, ती म्हणजे कूलरमधलं पाणी काढायचं कधी. आजचा कॉलम या तिसऱ्या गोष्टीवर आहे. मध्ये थोडं सायन्स येईल, पण घाबरू नका. मी कॉमर्सवाला आहे. मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच.

तर, मी आणि माझा रूम पार्टनर हिंगणा रोडला राहतो. लोकमान्य नगर मेट्रो स्टेशन संपलं की वानाडोंगरीकडे जाताना डाव्या हाताला ज्या दोन-दोन खोल्यांच्या बिल्डिंगा लागतात, त्यातल्या एकीत. दोघंही एमआयडीसीत कामाला. तो प्लँटवर, मी अकाउंट्सला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आमचा संसार एका कूलरभोवती फिरतो. कामाची वाटणी पक्की आहे. पाणी भरायचं त्यानं, सीझन संपला की कूलर रिकामा करून, धुऊन, गॅलरीत झाकून ठेवायचा मी.

यंदा पाऊस आला, कूलर बंद झाला, आम्ही तो गॅलरीत ढकलला. धुणं राहिलं. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं करत ऑगस्ट उजाडला.

एका गुरुवारी संध्याकाळी घरी आलो, तर पार्टनर भर उकाड्यात ब्लँकेट घेऊन झोपलेला.

"अंग ठणकून रायलं बे. डोळ्याच्या मागं कोनी खिळा ठोकून रायलं असं वाटते."

"पावसात भिजला असशील. गोळी घे, झोप."

शुक्रवारी ताप एकशेतीन. शनिवारी रक्त तपासलं. एनएस-वन पॉझिटिव्ह. डेंग्यू. प्लेटलेट्स एक लाख दहा हजार. डॉक्टर मॅडमनी ॲडमिट करून घेतलं आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. किवी दे. पपईच्या पानांचा रस दे. बकरीचं दूध मिळते का पाय. गुळवेल उकळून दे. आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, "त्याची इम्युनिटी बूस्ट कर बे!"

आता हा शब्द आपल्या पिढीचा फार लाडका. २०२०च्या कोरोनात तर आपण काढ्यापासून चॉकलेटपर्यंत सगळं इम्युनिटीच्या नावावर खाल्लं. मीही किवी आणायला निघालोच होतो. वाटेत माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ताई पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. तिला सांगितलं, इम्युनिटी वाढवायला फळं घेऊन चाललोय.

ताई म्हणाली, "फळं दे, चांगलीच असतात. पण वाढवणार म्हणजे नक्की काय वाढवणार तू? डेंग्यूचा विषाणू ज्या दारातून आत गेलाय ना, ते दार इम्युनिटीचंच आहे."

मी फळवाल्यासमोर तसाच उभा. "म्हणजे कुंपणच शेत खातंय?"

"कुंपण नाही खात रे. चोरानं कुंपणाचंच फाटक वापरलं, एवढंच."

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी ताईकडून जे ऐकलं, ते आता तुम्हाला सांगतो.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अंगावर साखरेचा कोट घालून फिरते. चहातली साखर नव्हे, तर मॅनोज, फ्युकोज अशा नावांच्या साखरांच्या लांब-आखूड माळा, प्रथिनांना चिकटलेल्या. जंतूंनाही असा कोट असतो, पण त्याची शिलाई वेगळी. आपल्या बऱ्याच माळांच्या टोकाला सायलिक ॲसिड नावाची एक खास साखर असते. अनेक जंतूंच्या अंगावर मात्र मॅनोज उघडं पडलेलं असतं. एमआयडीसीच्या गेटवर वॉचमन जसा युनिफॉर्म पाहून ओळखतो की हा आपल्या कंपनीचा की बाहेरचा, तसंच काहीसं.

शरीराचे हे वॉचमन म्हणजे डेंड्रिटिक पेशी. फांद्या फुटल्यासारख्या दिसतात म्हणून हे नाव. १९७३ साली राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी त्या ओळखल्या. पुढची कित्येक वर्षं बऱ्याच लोकांना त्या एवढ्या महत्त्वाच्या आहेत हे पटलंच नाही. शेवटी २०११ साली ३ ऑक्टोबरला स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झालं आणि मग कमिटीला कळलं की ते तीनच दिवसांपूर्वी कॅन्सरनं गेले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत, पण जाहीर करताना माहीत नव्हतं म्हणून ते कायम ठेवलं. आजारपणात त्यांनी स्वतःवरच डेंड्रिटिक पेशींचे उपचार करून पाहिले होते.

या पेशी त्वचेत, नाका-घशाच्या आतल्या पडद्यात, आतड्यात, म्हणजे जिथे-जिथे बाहेरचं कोणी घुसू शकतं तिथे पहारा देतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या अंगावर एक रिसेप्टर असतो, नाव डीसी-साइन. रिसेप्टर म्हणजे पेशीचा हात समजा. लांब दांडा, टोकाला पंजा, आणि असे चार मिळून एक जुडी. पंजात कॅल्शियमचा एक कण बसलेला असतो आणि त्याच्या मदतीनं हा हात मॅनोजची माळ घट्ट पकडतो. साखर ओळखून पकडणाऱ्या अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निवडणं. राजमा कच्चा खाल्ला की पोट बिघडतं, तेही त्याच्यातल्या एका लेक्टिनमुळेच. उकळला की निकाल.

तर या हातानं जंतूची कॉलर धरायची, त्याला आत ओढायचं, तुकडे करायचे आणि एक तुकडा पुरावा म्हणून घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जायचं. म्हणजे काखेत, जांघेत, मानेत ज्या गाठी सुजतात ना, तिथे. तिथे टी-पेशी बसलेल्या असतात. त्यांना पुरावा दाखवायचा आणि सांगायचं, "असा दिसणारा दिसला की सोडायचा नाही." गंमत म्हणजे टी-पेशीशी ओळख करून घेताना ही पेशी जो हात पुढे करते, त्यातही डीसी-साइन असतो. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे ट्युनिस खाइटेनबेक, इव्हेट फान कॉइक आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवलं. त्याच जर्नलच्या त्याच अंकात त्यांचा दुसरा लेख होता आणि तो जास्त अस्वस्थ करणारा होता. एचआयव्हीचा विषाणू याच हाताला लटकून स्वतःला टी-पेशींपर्यंत नेऊन घेतो, असं त्यात होतं.

म्हणजे पहारेकऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून चोर थेट हेड ऑफिसात.

एकदा ही युक्ती कळल्यावर ती वापरणारे एकेक सापडत गेले. टीबीचा जंतू याच हाताला आपल्या अंगावरची मॅनोजची टोपी देतो आणि डेंड्रिटिक पेशीला थोडं थंड करतो, असं २००३ साली प्रयोगशाळेत दिसलं. आणि त्याच वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी डेंग्यूचं नाव घेतलं. ज्या पेशींना डेंग्यू सहसा होत नाही, त्यांच्यावर डीसी-साइन बसवला की विषाणू आत जायला लागला. डेंड्रिटिक पेशींवरचा हा हात अँटिबॉडीनं झाकला की लागण घटली.

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. आवडली म्हणजे काय, अंगावर काटा आला.

डेंग्यूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाच्या १८० प्रती असतात, फरशा बसवल्यासारख्या. प्रत्येकीवर साखर चिकटायच्या दोन जागा. त्यातल्या ६७ नंबरच्या जागेवरची साखर डीसी-साइन धरतो, हे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ साली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. आता ही साखर विषाणू स्वतः बनवत नाही. तो ज्या पेशीत वाढतो, तिथल्या कारखान्याची साखर अंगावर घेऊन बाहेर पडतो. डासाच्या पेशीतला कारखाना साधा आहे, आपल्यासारखं सायलिक ॲसिडचं फिनिशिंग त्याला जमत नाही. त्यामुळे डासातून आलेल्या विषाणूच्या अंगावर मॅनोज जास्त उघडं असतं. थोडक्यात, डास चावतो तेव्हा त्वचेखाली असा पाहुणा येतो, ज्याच्या पाठीवर आपल्या वॉचमनच्या हातात बरोब्बर बसणारं हँडल लावलेलं असतं.

आणि एकदा आत शिरून डेंड्रिटिक पेशीतच वाढला की तो कपडे बदलतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की डेंड्रिटिक पेशींतून बाहेर पडलेल्या नव्या विषाणूंना डीसी-साइन तितकासा धरत नाही. त्याचा एल-साइन नावाचा भाऊ मात्र धरतो, आणि तो भाऊ राहतो यकृतात आणि लसिकाग्रंथींत. एका गेटवर एक पास, दुसऱ्या गेटवर दुसरा.

"मग तो हातच बंद करायचं औषध द्या ना!" मी म्हटलं.

"अरे, तो हात काय डेंग्यूसाठी बनवलाय का? रोजचं कामही तोच करतो. आणि डेंग्यूला दुसरी दारंही आहेत." प्रयोगशाळेत खोट्या साखरेचे गुच्छ बनवून विषाणूंना चकवायचे प्रयत्न चालतात. तैवानच्या संशोधकांनी २००८ साली सीएलईसी-फाइव्ह-ए नावाच्या दुसऱ्या एका लेक्टिनवर काम केलं. तो कॉलर धरण्यापेक्षा भोंगा वाजवायचं काम जास्त करतो. डेंग्यू चिकटला की दाह वाढवणारी रसायनं धो-धो सुटतात. उंदरांमध्ये हा भोंगा दाबून धरला, तर रक्तवाहिन्यांतली गळती कमी झाली, उंदीर कमी मेले. पण या वाटेनं माणसांसाठी डेंग्यूचं औषध आलेलं नाही.

आपल्याकडेही यावर काम झालंय. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, म्हणजे एनआयव्हीच्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या डेंग्यूच्या रुग्णांमध्ये डीसी-साइनच्या जनुकातले बारीक फरक तपासले. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. त्याआधी २००५ साली थायलंडच्या रुग्णांवर असाच अभ्यास झाला होता. दोन माणसांना एकच डास चावतो, एक चार दिवसांत ऑफिसला जातो आणि दुसरा आयसीयूत. असं का, हा या सगळ्यामागचा प्रश्न.

त्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर डॉक्टर मॅडमनी दिलं. पार्टनरला त्यांनी विचारलं, "याआधी डेंग्यू झाला होता का?"

तो म्हणाला नाही. मग जरा विचार करून म्हणाला, कॉलेजच्या होस्टेलला असताना एकदा आठवडाभर ताप होता, अंगावर पुरळ आलं होतं. टेस्ट-बिस्ट काही केली नव्हती.

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला की त्या प्रकारापासून आयुष्यभर सुटका, पण उरलेल्या तिघांपासून फार तर काही महिने. दुसऱ्यांदा वेगळा प्रकार आला, तर जुन्या अँटिबॉडीज त्याला चिकटतात पण मारू शकत नाहीत. उलट अँटिबॉडीला धरणारे जे वेगळे हात पेशींवर असतात, त्यांच्या मदतीनं विषाणू आणखी सहज आत जातो. पहिल्या वेळी साखरेचं हँडल, दुसऱ्या वेळी आपणच लावून दिलेलं आणखी एक हँडल. म्हणून दुसरा डेंग्यू जास्त जोराचा असू शकतो. म्हणूनच लसही अवघड, कारण ती चारही प्रकारांवर सारखी चालली पाहिजे. आयसीएमआर आणि पनेशिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४मध्ये देशी लसीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली, १९ केंद्रांवर, दहा हजारांहून जास्त लोकांवर.

सोमवारी ताप उतरला. मी ग्रुपवर टाकलं, "पोट्टा बरा झाला, पार्टी!" अठरा जणांनी अंगठा दाखवला. डॉक्टर मॅडम राउंडला आल्या, त्यांना मी हसत-हसत तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"आजपासून दोन दिवस जास्त लक्ष ठेवा. डेंग्यूत ताप उतरतो ना, तेव्हाच गडबड होते."

संध्याकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. दोनदा उलटी झाली. प्लेटलेट्स एक्केचाळीस हजार. मी नुसता त्या आकड्याकडे पाहत होतो, मॅडम मात्र बीपी, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा पाहत होत्या. खरा धोका आकड्यापेक्षा गळतीचा असतो, त्यांनी समजावलं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर असताना उगाच प्लेटलेट्स चढवत नाहीत. मी रक्तदाते शोधायला सतरा फोन करून बसलो होतो. हवं होतं ते सलाइन, मोजून-मापून, आणि दर काही तासांनी तपासणी.

त्या रात्री त्याची आई एसटीनं आली, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावाहून. हातात डबा, डब्यात भाकरी. काकू रात्रभर त्याच्या पायाशी बसून होत्या. मला म्हणाल्या, "तू झोप रे बाबू, तू दमला असशील." मला झोप येणं शक्य नव्हतं. कारण दुपारी कपडे आणायला घरी गेलो, तेव्हा आरोग्य खात्याची बाई बिल्डिंगमध्ये आली होती. तिनं गॅलरीतल्या कूलरमध्ये टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. पाण्यात बारीक काळे धागे वळवळत होते.

"अळ्या हाय बाबू. एडीसच्या. किती दिवसाचं पानी हाय हे?"

मी उत्तर दिलं नाही. काय देणार? तिनंच पाणी ओतलं, आणि वर सांगितलं की नुसतं ओतून भागत नाही. मादी पाण्याच्या कडेला टाकीच्या भिंतीवर अंडी चिकटवते, ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पुढच्या मे महिन्यात पाणी भरलं की परत चालू. काथ्यानं घासूनच काढायचं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. आणि हा डास दिवसा चावतो, म्हणजे रात्री कॉइल लावून झोपलो की जबाबदारी संपली असंही नाही.

तोच डास आमच्याच कूलरमधला होता, हे काही सिद्ध करता येणार नाही. प्लँटच्या मागे जुने टायर आहेत, शेजारी बांधकामाची टाकी आहे. पण मला स्वतःला समजावण्यासाठी ते टायर वापरायचे नाहीत, एवढं मी ठरवलंय.

बुधवारी पोटदुखी थांबली. गुरुवारी प्लेटलेट्स बहात्तर हजार, भूक लागली, पहिली फर्माइश सांभारवडीची. डॉक्टरांनी नाही म्हटलं. शुक्रवारी घरी आलो. गॅलरीत पालथा घालून ठेवलेला कूलर पाहून काकूंनी विचारलं, "हा कूलर कोनाचा?"

मी बोलायच्या आत पार्टनर म्हणाला, "दोघांचा."

बस. त्यानंतर तो विषय त्यानं कधी काढला नाही.

आता तुमच्यासाठी, मंडळी, एवढंच. तापात पॅरासिटॅमॉलशिवाय ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन वगैरे मनानं घेऊ नका, डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या थांबत नसल्या, हिरड्यांतून रक्त आलं, किंवा माणूस सुस्त नाहीतर अस्वस्थ वाटला, तर पार्टी कॅन्सल करून हॉस्पिटल गाठा. किवी खा, मजेत खा, पण त्याच्यावर विसंबू नका. ज्या हाताला डेंग्यू हँडल देतो, तो हात आपल्या अंगात जन्मापासून आहे. त्याला बूस्ट करायचंही नाही आणि कापायचंही नाही. आपल्या हातात आहे ते डासापर्यंतचं काम.

रविवारी मी कूलर घासला. वाळ्याच्या ताट्या काढल्या, टाकी काथ्यानं दोनदा घासली, उन्हात वाळवली. पार्टनर खुर्चीत बसून ताक पीत सूचना देत होता.

"कोपऱ्यात राहिलं बे."

खरंच राहिलं होतं. परत घासलं.